दुप्पट गुणांची काच

"काचेला दुप्पट गुण आहेत," खासनीस म्हणाले आणि मग आठवण झाल्यासारखे आईच्या फोटोकडे वळून त्यांनी हात जोडले.

आईच्या तेराव्याचं जेवण आदल्याच दिवशी झालं होतं. दुखवट्याचे दिवस रीतसर संपले होते आणि कॉलनीच्या समितीनं नेमकी दुसरी सकाळ गाठली होती. रीतीभातीला ही माणसं पक्की. खासनीस सेक्रेटरी, म्हणून खुर्चीत बसले. उत्तूरकर बाई अण्णांच्या शेजारी सोफ्यावर बसल्या. बायकांनी दुःखात जवळ बसायचं असतं. मगदूम दाराशीच उभे राहिले. त्यांच्या हातात रिकामं पोतं होतं. निदान ते तरी त्यांनी पाठीमागं धरलं होतं.

"वहिनींच्या बरण्या म्हणजे काय, सगळ्या कॉलनीला ठाऊक आहेत," उत्तूरकर बाई म्हणाल्या. "आता तुम्ही एकटे, अण्णा. एवढ्या बरण्यांचं करणार काय? नुसती धूळ खात पडणार. रविवारी शेवटचं वजन आहे आणि ती मेली चैतन्य कॉलनी आपल्यापेक्षा इतकुशीच पुढं आहे."

"बरण्या रिकाम्या नाहीत," मी म्हणाले.

"मग करायच्या की रिकाम्या," मगदूम म्हणाले. "त्यात काय एवढं? आतलं काय असंल ते ओल्या कचऱ्यात धरतो आम्ही. त्यालाबी गुण हाईत."

ते माझ्याकडे प्रेमानं बघत होते. मदत करायला आलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

खासनीस खाकरले. "शिवाय दुसरी एक गोष्ट आहे. बोलू नये, पण बोलतो. वहिनींचं नाव वर्षभर फलकावर शेवटून पहिलं राहिलं. माणूस होतं तोवर ठीक होतं हो, थट्टामस्करी. पण आता वर्ष संपणार, फलक तसाच राहणार आणि गेलेल्या माणसाचं नाव तळाला. बरं दिसत नाही. या बरण्या काट्यावर आल्या तर शेवटच्या आठवड्याच्या फलकावर वहिनी एकदम पहिल्या येतील. मी हिशेब करून बघितलाय."

"आईचं नाव पुसून टाकता आलं असतं," मी म्हणाले.

"छे छे! पुसायचं कसं? सभासद आहेत त्या."

अण्णांनी इतका वेळ मान वर केली नव्हती. ती आता केली.

"रविवारी किती वाजता?" त्यांनी विचारलं.

उठताना खासनीस म्हणाले, "येतो." दुखवट्याच्या घरातून निघताना कुणी येतो म्हणत नाही, न बोलता उठायचं असतं, हे सांगलीत शेंबडं पोरही जाणतं. त्यांच्याही ते लक्षात आलं, कारण जिन्यात उत्तूरकर बाई त्यांना दबक्या आवाजात रागावत होत्या. पण त्यांचं तसं चुकलं नव्हतंच. ते खरोखरच येणार होते.

योजनेचं नाव ‘कचऱ्यातून कांचन’. शहरातल्या एका ट्रस्टनं ती काढली होती. घराघरांतला ओला आणि सुका कचरा वेगळा करायचा, रविवारी कॉलनीच्या पार्किंगमध्ये त्याचं वजन करायचं, वजनाप्रमाणे घराला गुण. गुणांवर किराणा दुकानाची कुपनं मिळायची. वर्षाच्या शेवटी ज्या कॉलनीचं वजन सगळ्यांत जास्त, तिला बागेसाठी सौर दिवे आणि पाहुण्यांच्या हस्ते ढाल. कचरा कमी व्हावा हा हेतू होता म्हणे. पाडव्याला योजना सुरू झाली आणि पावसाळ्याच्या आत आमच्या कॉलनीतला कचरा दुप्पट झाला.

कशी झाली ही प्रगती? खासनिसांच्या सुनेनं घरातलं पाणी प्यायचं सोडलं आणि बाटल्यांची खोकी मागवायला सुरुवात केली. उत्तूरकर बाईंनी घरी मुरंबा करणं बंद केलं. विकतच्या मुरंब्याची बाटली मिळते, तिला दुप्पट गुण. एक गृहस्थ दर शनिवारी मोटारसायकलवरून तासगावला सासुरवाडीला जायचे आणि तिथली रद्दी घेऊन यायचे. तिकडे जावयाच्या या नव्या जिव्हाळ्याचं कौतुक चाललं होतं. मगदूम रद्दीच्या गठ्ठ्यांवर पहाटे पाणी शिंपडायचे. काटा त्यांचाच होता, त्यामुळे त्याबद्दल कुणी बोलत नसे. शिवाय बाकीचेही शिंपडायला शिकले होते.

आमच्या घरून काट्यावर काहीच जात नसे. जाणार काय? आई दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवायची आणि दूधवाल्याला परत द्यायची. भाजीला कापडी पिशव्या, सालं-देठं खताच्या खड्ड्यात. जुन्या साड्यांच्या गोधड्या, गोधड्या विरल्या की पायपुसणी, पायपुसण्यांच्या चिंध्या झाल्या की त्या पंपाच्या खोलीमागं लावलेल्या शेवग्याच्या बुंध्याशी, ओल धरून ठेवायला. बरण्या तर कॉलनीच्याच होत्या. कॉफीच्या, जॅमच्या, मधाच्या. लोक टाकून द्यायचे, आई मागून आणायची, उकळत्या पाण्यातून काढायची, भरायची आणि ज्याच्या त्याच्या घरी पाठवायची. रिकामी झाली की बरणी परत तिच्याकडे. वर्षानुवर्षं हे चालू होतं आणि त्याला नाव नव्हतं. नाव नसल्यामुळे गुणही नव्हते.

फलकावर फक्त पहिली पाच नावं आणि तळाचं एक लिहीत. पहिल्याच महिन्यात ते तळाचं नाव आईचं झालं. उत्तूरकर बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. मुलांना बाकावर उभं केल्याशिवाय ती सुधारत नाहीत, यावर त्यांची श्रद्धा. त्यांनी एक वेताची टोपली आणली, तिला लाल फीत बांधली आणि दर रविवारी सगळ्यांत कमी गुणांच्या घराच्या दाराला ती अडकवायची असं ठरवलं. आठवडाभर टोपली दारात राहायची. तिला सगळे रिकामी टोपली म्हणत. गमतीगमतीत शिक्षण, असं त्यांचं म्हणणं.

टोपली आमच्या दाराला लागली. पुढच्या रविवारी आईनं ती परत नेऊन दिली, तेव्हा तिच्यात कढीलिंबाची जुडी आणि शेवग्याच्या शेंगा होत्या. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, एवढाच तिचा विचार. त्याच संध्याकाळी टोपली पुन्हा आमच्या दारात. पुढच्या खेपेला लिंबं गेली. मग गवती चहा. मग शेंगदाण्याच्या चटणीची पुडी, मग मेतकूट. फोनवर ती मला हसत सांगायची, "बाई ग, त्या टोपलीला आता घर माहीत झालंय."

अण्णा हसत नव्हते. अण्णा जिल्हा न्यायालयात नाझर होते. समन्स बजावणं, जप्तीचा माल ताब्यात घेणं, दुसऱ्यांच्या दारावर नोटिसा डकवणं यात त्यांची हयात गेली. आपल्या दारावर काही लागणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? सुरुवातीला ते टोपली रात्री काढून आत ठेवायचे आणि सकाळी दूधवाला यायच्या आत परत अडकवायचे. मग त्यांनी संध्याकाळच्या कट्ट्यावर जाणं बंद केलं. मग आईला म्हणाले, चार बाटल्या टाक ना काट्यावर, काय बिघडतं? आई म्हणाली, चांगल्या बाटल्या फोडायला देऊ? ते म्हणाले, तुझ्या काटकसरीपायी मी चारचौघांत तोंड दाखवण्याजोगा राहिलो नाही. ती म्हणाली, नका दाखवू मग, मला दाखवा. दसऱ्याच्या दिवशी हे झालं आणि त्या दिवसापासून अण्णांनी तिच्याशी अबोला धरला.

आमच्या घरात अबोला नवा नव्हता. पण तो दोन दिवसांचा असे. हा चालूच राहिला. अण्णा बाहेरच्या खोलीतून मला पुण्याला फोन करायचे. "वैजू, तुझ्या आईला विचार, चहा मिळेल का." मी आईला फोन लावायचे. ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "सांग त्यांना, कपात गाळून झाकून ठेवलाय, निवतोय." दोघांच्या मध्ये एक भिंत होती आणि मी अडीचशे किलोमीटरवर. दिवाळीत मी चार दिवस घरी होते, तेव्हा त्यांचा फोनचा खर्च वाचला, इतकंच.

संक्रांतीनंतर आईला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथं अण्णा बोलायला लागले. तिच्या उशाशी स्टुलावर बसून ते खूप बोलायचे, भाजीवाल्याबद्दल, पेपरातल्या बातम्यांबद्दल, अगदी कशाहीबद्दल. पण तोवर तिच्या तोंडावर मास्क चढला होता आणि शुद्ध येऊनजाऊन होती. ती ऐकत होती की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनाही येत नव्हतं. डॉक्टरांना त्यांनी दोनदा तेच विचारलं.

तिला घरी आणलं तेव्हा टोपली दाराला होती. जिना अरुंद, दार अरुंद. खांदा देणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी बाहीत तिची फीत अडकली. ती सोडवायला क्षणभर सगळे थांबले. खासनिसांनीच सोडवली आणि टोपली हळूच बाजूला ठेवली.

शनिवारी अण्णांनी सकाळपासून बरण्या काढायला घेतल्या. ओट्याखालच्या, माळ्यावरच्या, देवघराच्या कप्प्यातल्या. प्रत्येकीवर जुन्या कॅलेंडरच्या कागदाची चिठ्ठी, भाताच्या शिताने चिकटवलेली, आईच्या बसक्या अक्षरात. ‘खासनीस – लिंबू, बिनतेलाचं.’ ‘उत्तूरकर बाई – तिखट बेताचं.’ ‘मगदूम – मिरचीचं, झणझणीत.’ या उन्हाळ्यात वाटायला ठेवलेली, मुरत घातलेली लोणची होती ती.

"लोणचं स्टीलच्या डब्यात टिकत नाही अण्णा," मी म्हणाले. "स्टील खातं ते."

"प्लॅस्टिकच्या डब्यात भर."

"आपल्या घरात प्लॅस्टिकचा डबा नाही."

त्यांनी स्वयंपाकघरात इकडे तिकडे पाहिलं. इतकी वर्षं त्या घरात राहून त्यांना हे पहिल्यांदा कळत होतं.

"मग ओल्या कचऱ्यात."

"तिच्या हातचं लोणचं?"

"वैजू, वाद नको घालू."

"वाद नाही घालत. विचारतेय. तिच्या हातचं हे शेवटचं लोणचं तुम्ही बादलीत ओतणार आणि तिच्या बरण्या फोडणार. का? तर खासनीस फळ्यावर खडूनं तिचं नाव वर लिहितील म्हणून?"

"हो," अण्णा म्हणाले. "म्हणूनच."

"आईला त्या फळ्याचं काडीचं महत्त्व नव्हतं."

"मला होतं!" त्यांचा आवाज चढला, मग लगेच उतरला. हातातली बरणी त्यांनी ओट्यावर ठेवली. "मला होतं. आणि त्यासाठी मी तिच्याशी कसा वागलो हे तुला माहीत आहे. आता निदान ते नाव तरी वर जाऊ दे. नाहीतर कशासाठी झालं ते सगळं? तुला काय, तू परवा पुण्याला जाशील. मला इथं राहायचंय. दिवसातून चार वेळा त्या फलकासमोरून जायचंय."

यावर मला बोलायचं पुष्कळ होतं. पण ते बरणीचं झाकण उघडायला लागले आणि ते त्यांना उघडेना. आई झाकणाखाली फडकं घालून ते गच्च बसवायची. ते कसं सोडवायचं हे मला येत होतं. मी बरणी त्यांच्या हातातून घेतली.

घरात एक चिनी मातीचा सट होता, त्यात मावेल तेवढं मी भरलं. बाकीचं बादलीत गेलं. अण्णा ते चमच्यानं नाही, हातानं काढत होते. बरण्या त्यांनी स्वतः घासल्या, चिठ्ठ्या नखानं खरवडून काढल्या आणि पालथ्या घालून ठेवल्या. दुपारी त्यांचे हात चुरचुरत होते. मी खोबरेल तेल आणून दिलं, त्यांनी लावलं नाही.

रविवारी पार्किंगमध्ये मांडव घातला होता. टेबलावर ढाल ठेवायला जागा मोकळी ठेवलेली. सगळी कॉलनी जमली होती, प्रत्येकाच्या पायाशी स्वतःचं पोतं. लग्नात आहेराच्या पिशव्या सांभाळत बसतात तशी माणसं बसली होती. रद्दीच्या गठ्ठ्यांखाली जमीन ओली झाली होती.

भंगारवाला अख्खी बाटली घेत नसे, टेम्पोत जागा फार खाते म्हणून. त्यामुळे काच फोडून द्यायची असा नियम होता. त्यासाठी पत्र्याचं एक पिंप होतं आणि हातोडा होता. आमच्या बरण्या ओळीनं मांडल्या गेल्या. स्वच्छ, उन्हात लखलखणाऱ्या.

"पहिली बरणी अण्णांच्या हस्ते!" खासनीस म्हणाले.

कुणीतरी टाळी वाजवली. मगदूमनी हातोडा पुढं केला. "या अण्णा. नारळ वाढवल्यागत एकच घाव घाला."

अण्णा माझ्याकडे न बघता पुढं झाले. पहिल्या घावाला बरणी फुटली नाही. जुन्या जाड काचेची होती. लोक हसले. "जोरात, अण्णा! वहिनींची बरणी आहे, सोपी नाही!" दुसऱ्या घावाला ती फुटली आणि मांडवभर टाळ्या झाल्या. उरलेल्या मगदूमनी फोडल्या. त्यांचा हात सवयीचा होता.

पिंप काट्यावर चढलं. खासनिसांनी फलकावरचं तळाचं नाव ओल्या फडक्यानं पुसलं आणि सगळ्यांत वर लिहिलं. ‘श्रीमती आष्टेकर.’ सौभाग्यवती लिहायचं की कैलासवासी, यावर खाली थोडी कुजबूज झाली, पण नाव वर राहिलं. आमच्या कॉलनीनं चैतन्य कॉलनीला मागं टाकलं होतं. अण्णा फलकाकडे बघत होते. त्यांचे खांदे सैल झाले होते. हातोडा अजून त्यांच्या हातातच होता, कुणी परत मागितला नव्हता.

मग उत्तूरकर बाई दोन शब्द बोलायला उठल्या. त्यांनी आधी डोळे टिपले.

"आज वहिनी असत्या तर," त्या म्हणाल्या, "आज वहिनी असत्या तर मी त्यांची टोपलीबद्दल जाहीर माफी मागितली असती. आता सांगायला हरकत नाही. टोपली काही दर खेपेला त्यांचीच नव्हती बरं का!"

लोक हसले. हसणं प्रेमळ होतं. ज्यांना माहीत होतं ते आधी हसले, ज्यांना नव्हतं ते मागून.

"म्हणजे काय?" अण्णांनी विचारलं.

"अहो, शून्यवाले काय तुम्ही एकटेच होतात? ते वरचे कुलूप लावून अमेरिकेला गेलेले, कोपऱ्यातले दोघे बँकवाले, ते डबा लावून जेवणारे देसाई. दर आठवड्याला पाच-सहा घरं शून्यावर. नियमाप्रमाणे चिठ्ठ्या टाकायच्या होत्या."

"टाकल्या?"

अण्णांचा आवाज मला ओळखीचा होता. कोर्टात बजावणी करताना तो असा व्हायचा, सपाट आणि नम्र.

"पहिल्यांदा टाकल्या की! त्यात तुमचं नाव निघालं."

"आणि नंतर?"

"नंतर कशाला टाकू?" उत्तूरकर बाई कौतुकानं हसल्या. "तुमच्याकडून टोपली भरून यायची ना! देसायांच्या दाराला लावली असती तर देसायांनी काय पाठवलं असतं, सिगारेटची थोटकं? वहिनींच्या शेंगा, वहिनींची लिंबं... आम्ही समितीत वाटून घ्यायचो. रविवारी आमच्या तिघांच्या घरी आमटी म्हणजे शेवग्याचीच. खासनीस, सांगा की!"

"अगदी खरं," खासनीस म्हणाले. "कोवळ्या शेंगा असायच्या."

"एकदाही चिठ्ठ्या टाकल्या नाहीत?" अण्णांनी विचारलं.

"एकदाही नाही. इतका लोभ होता आमचा तुमच्या घरावर."

मला वाटलं, आता. पिंपाच्या तोंडाशी उभे होते अण्णा, हातात हातोडा, आणि समोर ही तीन सुखी, भरल्या पोटाची माणसं. आयुष्यात एकदा तरी त्यांनी आरडाओरडा करावा, असं मला मनापासून वाटलं. फलक फोडावा. टेबल उलथावं. मी एक पाऊल पुढंही झाले. त्यांना आवरायला नव्हे.

"आमच्या घरी हे ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं. "तिला?"

"वहिनींना? माहीत होतं की!" उत्तूरकर बाई म्हणाल्या. "दिवाळीत फराळाचं ताट घेऊन आल्या होत्या, तेव्हा मीच सांगितलं. मला मेलीला राहवेना. म्हटलं, रागावू नका हं वहिनी. तर त्या काय म्हणाल्या, ऐका. म्हणाल्या, माझं काही नाही हो, पण ह्यांच्या कानावर घालू नका. कोर्टातला माणूस, तुमच्याशी दावा मांडून बसेल. माझं काही खरं नाही, डॉक्टरनं सांगितलंय. माझ्यामागं ह्यांना तुमच्यातच राहायचंय. वैर नको." त्यांनी पुन्हा डोळे टिपले. "किती लांबचा विचार! एवढं हसून सांगितलं त्यांनी. म्हणून तर आज बोलले. आता काय, आता सगळं गोडच झालंय."

दिवाळीत. दिवाळीत मी त्या घरात होते. फराळाचं ताट तिच्या हातात मीच दिलं होतं. परत आली ती नेहमीसारखी, रिकामं ताट ओट्यावर ठेवलं आणि बाहेरच्या खोलीच्या भिंतीकडे तोंड करून मला म्हणाली, "वैजू, त्यांना विचार, चकली गरम करून हवी का." एका वाक्याचं काम होतं. उंबरठ्यात उभं राहून एक वाक्य बोलली असती, तर अबोला तिथंच मोडला असता. डॉक्टरांनी तिला काय सांगितलं होतं, हेही ती आम्हां दोघांना बोलली नव्हती.

अण्णांना गहिवरून आलंय, अशी मांडवात सगळ्यांची समजूत होती.

"बक्षीस घ्या, अण्णा," खासनीस हळुवारपणे म्हणाले.

पहिल्या आलेल्या घराचं बक्षीस म्हणजे बरण्यांचा संच होता. प्लॅस्टिकच्या बरण्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर प्लॅस्टिकचं फूल. वेष्टन फेकू नका, त्यालाही गुण आहेत, असं कुणीतरी मागून म्हणालं आणि पुन्हा हशा झाला.

अण्णांनी हातोडा पिंपावर आडवा ठेवला. दोन्ही हात धोतराला पुसले. मग संच घेतला, कपाळाशी नेऊन नमस्कार केला आणि म्हणाले, "आभारी आहे."

ते तिघांशीही बोलले. खासनिसांना म्हणाले, योजना चांगली राबवलीत. मगदूमना म्हणाले, काटा जपून न्या. उत्तूरकर बाईंना म्हणाले, शेवग्याला अजून शेंगा येतील, तोडून नेत जा, मला एकट्याला किती लागणार. बाईंना भरून आलं. मी हे सगळं ऐकत उभी होते आणि त्या वेळी मला त्या तिघांपेक्षा अण्णांचीच घृणा जास्त वाटली, हे आज इतक्या वर्षांनीही मी विसरलेले नाही. त्या तिघांकडून मी काही अपेक्षाच केली नव्हती.

आम्ही जिना चढायला लागलो. खाली पाहुणे आल्याची गडबड सुरू झाली होती. काट्यावरून पिंप ढकलत नेत होते, त्यातल्या काचा खळखळत होत्या. पहिल्या वळणावर माझ्यानं राहवेना.

"तुम्ही एक शब्द बोलला नाहीत," मी म्हणाले. "त्यांनी आपल्याला वर्षभर लुबाडलं. वर तोंडावर सांगितलं. आणि तुम्ही शेंगा तोडून न्या म्हणालात. एक शब्दही बोलला नाहीत, अण्णा."

अण्णा कठडा धरून थांबले. बरण्यांचा संच त्यांनी पायरीवर ठेवला. धापेनं त्यांची छाती वरखाली होत होती.

"ह्यांच्याशी काय बोलायचं?" ते म्हणाले. "बोलायचं होतं ते तिच्याशी."